‘गेट’ कसं शिकावं: ‘भेटलं’पासून ‘होऊन राहिलं’पर्यंत

इंग्रजीच्या वहीत ‘गेट म्हणजे मिळवणे’ एवढंच लिहून ठेवलेला विद्यार्थी पहिल्याच संध्याकाळी अडतो. ‘इट इज गेटिंग डार्क’ या वाक्यात कोण काय मिळवून राहिलं? ‘गेट अप’मध्ये काय मिळालं? राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे हा शब्द पोरांच्या कानावर लवकर पडतो, पण त्याच्यासमोर लिहिलेला मराठी शब्द बहुतेक वेळा हा एकच असतो. तो आधी खोडा. मिळवण्यात खटपट असते. गेटमध्ये ती असेलच असं नाही. करंटसुद्धा ‘गेट’ होतो, आणि तो कोणी मिळवायला जात नाही.

खोडलेल्या जागी अर्थ न लिहिता एक कसोटी लिहा: ‘आधी नव्हतं, आता आहे.’ पैसे हातात नव्हते, आता आहेत. अंधार नव्हता, आता आहे. आपण वर्ध्यात नव्हतो, आता आहोत. तिन्ही ठिकाणी इंग्रजीत गेट चालतं. वस्तू असो, स्थिती असो की जागा असो, बदल झाला की गेट. बदल होऊन गेल्यावर नुसतं ‘असणं’ सांगायचं असेल तर गेट नको, तिथे ‘हॅव’ किंवा ‘बी’ची रूपं येतात. ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी आहे, ‘आय गॉट अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झाली.

आता उच्चार, कारण इथे आपली लिपी आपल्याला फसवते. मराठी लिहिताना देवनागरीत आखूड ‘ए’ला वेगळं चिन्ह वापरत नाहीत, म्हणून फाटकाचं गेट आणि हे गेट आपण सारखंच लिहितो. बोलताना दोन्ही वेगळी आहेत. फाटकाच्या गेटमध्ये ‘ए’ लांब ओढला जातो आणि शेवटी किंचित ‘य’कडे वळतो. क्रियापदातला ‘ए’ तोडून टाकलेला, ‘ॲ’च्या शेजारचा. ‘पेन’ आणि ‘बेल’ मधला जो आखूड स्वर, तोच इथे. भूतकाळ ‘गॉट’, ‘हॉट’च्या चालीवर. ‘ग’वर काना देऊन ‘गाट’ म्हणू नका, ऐकणारा गोंधळतो. पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की दोन्ही चिकटतात: ‘गेट अप’ कानाला ‘गेटप’ लागतं, ‘गेट इट’चं ‘गेटिट’ होतं. मोबाइलवर इंग्रजी ऐकताना हा शब्द सुटून जातो तो बहुधा याच चिकटण्यामुळे. लिहिताना ‘गेटिंग’मध्ये टी दोनदा येतो हेही लक्षात ठेवा.

रूपं मोजकीच: गेट, गेट्स, गॉट, गेटिंग. तिसरं रूप ब्रिटिश पद्धतीत आणि आपल्या शाळेच्या पुस्तकांत ‘गॉट’, अमेरिकेत बहुधा ‘गॉटन’. हा शब्द इंग्रजीत आला नॉर्स भाषेतून, डेन्मार्क-नॉर्वेकडून इंग्लंडात उतरलेल्या लोकांबरोबर. ‘फरगेट’ त्याच कुळातलं, फक्त त्याचं तिसरं रूप ब्रिटिश इंग्रजीतही ‘फरगॉटन’च आहे.

आता विदर्भातल्या माणसाची खरी गंमत. पुण्याकडचा माणूस म्हणतो ‘मला पैसे मिळाले’. आपल्याकडे ‘मले पैसे भेटले’. आणि भेटणं म्हणजे शब्दकोशात ‘मीट’. त्यातून ‘आय मेट फाइव्ह थाउजंड रुपीज’ असं वाक्य तयार होतं. वऱ्हाडी ‘भेटणे’ इंग्रजीत तीन ठिकाणी फुटतं, आणि ते फोडता आलं की अर्धं काम झालं. माणसाशी गाठ पडली तर ‘मीट’: ‘मामा बाजारात भेटले’, ‘आय मेट माय अंकल इन द मार्केट’. शोधून सापडलं तर ‘फाइंड’: ‘चावी भेटली का?’, ‘डिड यू फाइंड द की?’ आणि कोणी दिलं, आपोआप आलं, विकत घेतलं, तर ‘गेट’: ‘युरियाच्या तीन बॅगा भेटल्या’, ‘वी गॉट थ्री बॅग्ज ऑफ यूरिया’. हरवलेली वस्तू परत हाती आली तर ‘गेट बॅक’: ‘आय गॉट माय फोन बॅक’. वाक्य इंग्रजीत नेण्याआधी स्वतःला विचारा: गाठ पडली, सापडलं, की हाती आलं?

दुसरा सापळा याहून वाईट, कारण तो कानाला दिसतच नाही. मराठीत ‘मला मिळालं’. म्हणजे ज्याला मिळालं तो ‘ला’ लावून बसतो आणि मिळालेली वस्तू कर्ता होते. इंग्रजीत उलटं: ज्याला मिळालं तोच कर्ता. ‘मला’चं इंग्रजी ‘मी’ असं पाठ असतं, म्हणून पोरगा लिहितो ‘मी गॉट अ लेटर’. त्यात भर म्हणजे मराठीतही ‘मी’ हा शब्द आहे, आणि तो कर्त्याचा आहे. त्यामुळे ‘मी गॉट’ कानाला अगदी बरोबर वाटतं. म्हणून गेटच्या वाक्यात ‘मले’ दिसलं की डोळे मिटून ‘आय’. ‘त्याले’ दिसलं की ‘ही’, ‘तिले’ला ‘शी’, ‘आमाले’ला ‘वी’. ‘तिले गणितात ८२ मार्क भेटले’: ‘शी गॉट एटी-टू मार्क्स इन मॅथ्स’. कापसाचं वाक्य थोडं वेगळं वळतं. मराठीत ‘कापसाले सात हजार भाव भेटला’, म्हणजे भाव भेटतो कापसाला. इंग्रजीत शेतकऱ्याला कर्ता करून कापसाआधी ‘फॉर’ लावलं की वाक्य सहज होतं: ‘ही गॉट सेव्हन थाउजंड अ क्विंटल फॉर हिज कॉटन’.

‘मी’ मात्र एका जागी बरोबर असतो: ‘गेट मी सम वॉटर’, माझ्यासाठी पाणी आण. इथे आणणारा दुसरा आहे आणि ‘मी’ म्हणजे ‘माझ्यासाठी’. मोठ्या माणसाला असं नुसतं म्हणू नये, हा हुकूम वाटतो. ‘कुड यू गेट मी सम वॉटर?’ म्हणा.

तिसरी चूक परीक्षेत सर्वांत महाग पडते: ‘डिड यू गॉट?’ आणि ‘आय डिडन्ट गॉट’. ‘डिड’ने भूतकाळ एकदा सांगून टाकला, आता क्रियापद मूळ रूपात: ‘डिड यू गेट द मेसेज?’, ‘आय डिडन्ट गेट इट’. पोरं नियम घोकतात पण बोलताना चुकतातच, कारण मराठीत ‘भेटलं का?’ आणि ‘नाही भेटलं’मध्ये ‘भेटलं’ भूतकाळातच राहतं. यावर उपाय एकच, तोंडाला वळण. ‘डिड यू गेट’ हे तीन शब्द एकाच शब्दासारखे रोज दहा वेळा म्हणा, दर वेळी पुढे नवी वस्तू लावून: द बस, द रिसीट, द सीड्स, द सातबारा.

इथवर वस्तू झाल्या. स्थितीचा भाग विदर्भातल्या माणसाला खरं तर सोपा जायला हवा, कारण पाठ्यपुस्तकी ‘होत आहे’पेक्षा आपलं ‘होऊन राहिलं’ इंग्रजी ‘इज गेटिंग’च्या जास्त जवळ बसतं. ‘अंधार पडून राहिला’: ‘इट इज गेटिंग डार्क’. ‘गरम होऊन राहिलं’: ‘इट इज गेटिंग हॉट’. ‘बाबा म्हातारे होऊन राहिले’: ‘फादर इज गेटिंग ओल्ड’. साचा सरळ आहे: गेटच्या पुढे वस्तूचं नाव न ठेवता गुण सांगणारा शब्द ठेवायचा. डार्क, हॉट, वेट, ड्राय, टायर्ड, अँग्री, लेट. हवा आणि वेळ असेल तर वाक्याच्या सुरुवातीला कर्ता म्हणून ‘इट’ लागतंच. मराठीत ‘अंधार पडला’ला वेगळा कर्ता शोधावा लागत नाही, म्हणून ‘डार्क गॉट’ असं उलटंपालटं होतं. आणि ‘इट’ की ‘आय’ यावर अर्थ बदलतो. नोव्हेंबरात गव्हाला पाणी देताना ‘इट इज गेटिंग कोल्ड’ म्हटलं तर हवा गार होऊन राहिली. ‘आय ॲम गेटिंग कोल्ड’ म्हटलं तर मले थंडी वाजून राहिली, जरा शेकोटी पेटवा.

‘होऊन राहिलं’ची एक खोड सांभाळा. आपण ‘भूक लागून राहिली’ म्हणतो तेव्हा बहुधा भूक लागलेलीच असते. तेव्हा ‘आय ॲम हंग्री’. ‘आय ॲम गेटिंग हंग्री’ म्हणजे पोट आत्ता कुठे कुरकुरायला लागलं, अर्धा तास थांबता येईल. ‘मले उशीर होऊन राहिला’चं ‘आय ॲम गेटिंग लेट’ भारतात सर्रास चालतं. भारताबाहेरच्या माणसाला आणि परीक्षकाला ‘इट इज गेटिंग लेट’ किंवा ‘आय ॲम लेट’ जास्त पटेल.

‘झाला’चा प्रत्येक ठिकाणी गेट होत नाही, हे लिहून ठेवा. माणूस धंद्याने काही झाला तर ‘बिकम’. ‘ती शिक्षिका झाली’चं ‘शी गॉट अ टीचर’ केलं तर अर्थ होतो तिला शिक्षक मिळाला. ‘शी बिकेम अ टीचर’. लग्न मात्र गेटनेच: ‘शी गॉट मॅरीड टू अ फार्मर’. इथे ‘विथ’ लावू नका. मराठी ‘शेतकऱ्याशी’तला ‘शी’ आपल्याला ‘विथ’कडे ओढतो, पण या शब्दाला ‘टू’ लागतं.

मराठी ‘लागणे’ हे गेटचं दुसरं मोठं घर, आणि पुस्तकं तिकडे फारशी वळत नाहीत. नवतपात ऊन लागलं: ‘ही गॉट सनस्ट्रोक’. स्टार्टरचा करंट लागला: ‘ही गॉट अ शॉक’. नोकरी लागली: ‘शी गॉट अ जॉब’. सवय लागली: ‘ही गॉट यूज्ड टू द हीट’. पण वेळ लागला तर गेट चालत नाही, तिथे ‘टेक’: ‘नागपूरले दोन तास लागते’, ‘इट टेक्स टू अवर्स टू रीच नागपूर’. पैसे लागले तर ‘कॉस्ट’. लॉटरी लागली तर ‘विन’. आग लागली तर ‘कॅच फायर’. आपल्या घरात, शेतात, गावात कोणकोणतं ‘लागणं’ आहे याची यादी एकदा करून बघा, वीसेक सहज निघतात, आणि त्यातली बरीच गेटमध्ये जातात.

पोहोचण्याचं गेट ‘टू’ घेतं: ‘वी गॉट टू बडनेरा ॲट सिक्स’. पण ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ला ‘टू’ नको. ‘आय गॉट टू होम’ चूक, ‘आय गॉट होम’ बरोबर. मराठीत घराला ‘घरी’ म्हणताना वेगळा शब्द जोडावा लागत नाही, तसंच हे.

गाडीत चढण्या-उतरण्याला नियम सोपा आहे. आत उभं राहता येतं त्या वाहनाला ‘ऑन’ आणि ‘ऑफ’: एसटी, रेल्वे. वाकून, अंग चोरून बसावं लागतं त्याला ‘इन’ आणि ‘आउट ऑफ’: ऑटो, कार, काळी-पिवळी. ज्यावर टांग टाकून बसतो ते पुन्हा ‘ऑन’: सायकल, मोटारसायकल. ट्रॅक्टरवर ‘ऑन’. कंडक्टरला ‘आय वॉन्ट टू गेट डाउन’ म्हटलं तर कळतं, पण प्रमाण इंग्रजीत बसमधून ‘गेट ऑफ’. झाडावरून, माडीवरून, पाण्याच्या टाकीवरून मात्र ‘गेट डाउन’.

‘गेट अप’ आणि ‘वेक अप’ एकच समजतात, ते वेगळे आहेत. जाग येणं ‘वेक अप’, अंथरुण सोडणं ‘गेट अप’. ‘आय वोक अप ॲट फाइव्ह बट गॉट अप ॲट सिक्स’ या वाक्यात एक तासाचा आळस आहे.

आता करून घेणं. मोटर जळाली, मेकॅनिककडून दुरुस्त करून घेतली. इंग्रजीत ‘करून घेणे’ला सर्वांत सोपं साधन गेटच आहे, पण शब्दांचा क्रम ठरलेला: गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. ‘वी गॉट द मोटर रिपेअर्ड’. ‘वी गॉट रिपेअर्ड द मोटर’ असं लिहिलं जातं, कारण मराठीत ‘दुरुस्त करून घेतली’ एका गाठोड्यात येतं. इंग्रजी ते गाठोडं सोडतं आणि वस्तू मध्ये बसवते. केस कापून घेतले: ‘आय गॉट माय हेअर कट’. यात ‘माय’ विसरू नका आणि कापणारा न्हावीच आहे हे समजून घ्या. ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर कात्री तुमच्याच हातात आली. करणाऱ्याचं नाव घ्यायचं असेल तर माणसाच्या पुढे ‘टू’: ‘वी गॉट द मेकॅनिक टू चेक द मोटर’. हाच अर्थ ‘मेड’ने सांगितला तर ‘टू’ जातं: ‘वी मेड द मेकॅनिक चेक इट’. त्यात जबरदस्तीचा वास येतो, गेटमध्ये समजावून करून घेतल्याचा.

ज्याला सोसावं लागलं त्यालाच कर्ता ठेवून गेटच्या पुढे लगेच तिसरं रूप आलं की सोसण्याचं गेट होतं: ‘द केबल गॉट स्टोलन’, केबल चोरीला गेली. ‘ही गॉट बिटन बाय अ स्नेक’, त्याला साप चावला. ‘वॉज’ लावलं तरी वाक्य बरोबर, पण अचानक झालेल्या नुकसानाला बोलण्यात गेट जास्त येतं.

संधी मिळाली तर गेटच्या पुढे ‘टू’ आणि क्रियापद. हे मराठीतून शब्दाला शब्द उतरतं, क्वचितच असं होतं. ‘ताडोब्यात वाघ पाहाले भेटला’: ‘आय गॉट टू सी अ टायगर इन ताडोबा’. यातलं ‘गॉट टू’ आणि ‘हॅव गॉट टू’ मिसळू नका. ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला जावंच लागेल. घाईत त्याचं ‘गॉटा गो’ होतं, ते बोलण्यापुरतं.

‘हॅव गॉट’ हा सगळा प्रकारच कसोटीला अपवाद आहे. ‘आय हॅव गॉट टू एकर्स’ याचा अर्थ दोन एकर मिळाली असा नाही, माझ्याकडे दोन एकर आहे. इथे बदल नाही, नुसतं असणं आहे. सुरुवातीला हा प्रकार ओळखण्यापुरता ठेवा, स्वतः लिहिताना साधं ‘आय हॅव’ वापरा, काही अडत नाही.

जोडशब्द पन्नास पाठ करण्यात अर्थ नाही. गावात रोज लागणारे चार घ्या. ‘गेट बाय’, कसंबसं भागणं: ‘वी गेट बाय ऑन धिस इन्कम’. ‘गेट अलाँग विथ’, पटणं: ‘दे डोन्ट गेट अलाँग’, त्यांचं पटत नाही. ‘गेट रिड ऑफ’, पिच्छा सोडवणं, तणाचा किंवा उंदरांचा. ‘गेट ओव्हर’, आजारातून किंवा दुःखातून सावरणं. आणि ‘आय डोन्ट गेट इट’, समजलं नाही. वर्गात हे गुरुजींना म्हणण्यापेक्षा ‘आय डोन्ट अंडरस्टँड’ बरं.

अर्जात गेट शक्यतो नको. बँकेला किंवा विमा कंपनीला लिहिताना ‘आय हॅव नॉट रिसीव्हड द अमाउंट’, पोहोचल्याला ‘अराइव्ह’, होण्याला ‘बिकम’. गेट चूक नसतं, पण ते अंगणातलं आहे. परीक्षेत प्रयोग बदलायला सांगितला आणि वाक्यात ‘मिळालं’ अर्थाचं गेट असलं तर ‘वॉज गॉट’ लिहू नका, ‘वॉज रिसीव्हड’ लिहा.

सरावाला महिना पुरतो. पहिला आठवडा फक्त भेटलं, दुसरा होऊन राहिलं आणि लागलं, तिसरा पोहोचणं आणि चढ-उतार, चौथा करून घेणं. रोज पाच वाक्यं, त्याहून जास्त नको, आणि पाचही त्या दिवशी घरात खरोखर बोलली गेलेली. आधी वऱ्हाडीत लिहा, शेजारी इंग्रजीत. मोबाइलच्या भाषांतरात वाक्य तपासायचं तर ‘भेटले’चं आधी ‘मिळाले’ करा, नाहीतर यंत्रही ‘मेट’कडे जाऊ शकतं. एकटा शब्द टाकू नका, पूर्ण वाक्य टाका.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी ही पाच वाक्यं कागद झाकून करून बघा: मले मेसेज नाही भेटला. चष्मा भेटला का? आभाळ काळं होऊन राहिलं. आम्ही सात वाजता घरी पोहोचलो. त्यानं पंप दुरुस्त करून घेतला. उत्तरं क्रमाने: ‘आय डिडन्ट गेट द मेसेज.’ ‘डिड यू फाइंड युअर ग्लासेस?’ ‘द स्काय इज गेटिंग डार्क.’ ‘वी गॉट होम ॲट सेव्हन.’ ‘ही गॉट द पंप रिपेअर्ड.’ दुसऱ्यात गेट घातलं असेल तर भेटण्याच्या तीन फाट्यांकडे परत जा. तिसऱ्यात ‘ब्लॅक’ लिहिलं असेल तर चूक धरू नका, आपल्याकडे पावसाचं आभाळ काळंच असतं.